योग्य, पण कोणाला?

‘सदर परिसरातील भूजल पिण्यास, शेतीस आणि औद्योगिक वापरास सर्वसाधारणपणे योग्य आहे.’ भूजलाच्या गुणवत्तेवरचे अहवाल आणि प्रबंध ज्यांनी चाळले असतील त्यांना या जातीचे वाक्य अनोळखी नसेल. मुळात ते इंग्रजीत असते. मराठी मी केले. माझे भांडण या एका वाक्याशी आहे. त्यातल्या आकड्यांशी नाही, आणि ऐन वैशाखात बाटल्या घेऊन विहिरी धुंडाळत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांशी तर मुळीच नाही. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. भांडण आहे ते त्या मधल्या ‘आणि’शी. पिणारा, पिकवणारा आणि कारखाना चालवणारा अशा तिघांना एका ‘आणि’ने एका पंगतीला बसवायचे, आणि मग वाढप्याने ज्याचे ताट मोठे त्याच्यापुढे आधी जायचे, असा हा कारभार आहे.

पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांपुरते मी बोलतो. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाकडच्या वाचकांना हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता. पुढे पोर्तुगीजांनी त्याला ‘नव्या काबिजादी’ म्हटले. सोयरीक, दशावतार आणि जत्रा यांनी ती हद्द कधी फारशी मानली नाही. पाण्याने तर नाहीच. तेरेखोल दोन्ही काठांना सारखीच भिजवते, तिळारी दोडामार्गात अडते आणि कालव्याने गोव्यात उतरते, आणि जमिनीखालचे पाणी कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात झिरपते याचा तलाठ्याच्या दप्तरात उतारा नसतो.

या भागाचा दगड जांभा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने १८०० साली मलबारात तो पाहिला. लोक त्याचे चिरे काढून घरे बांधतात म्हणून त्याने विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. आपण मात्र त्याला त्याच्या जांभळट तांबड्या रंगाने ओळखतो. हा दगड म्हणजे स्पंजच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसातला मोठा वाटा तो पिऊन घेतो, आणि पिऊन घेतलेले फार दिवस पोटात ठेवत नाही. सड्यावर आषाढात मुरलेले पाणी पायथ्याच्या झरीतून, व्हाळातून, कुळागराच्या पाटातून वाहत राहते, माघ-फाल्गुनापर्यंत बारीक होते आणि चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. आमच्या पाण्याचे सारे गणित या चार-सहा महिन्यांच्या मुक्कामावर बसलेले आहे.

सरकारी गणित वर्षाचे असते. केंद्रीय भूजल मंडळ तालुकावार हिशेब मांडते: वर्षभरात जमिनीत मुरणारे, उपसता येण्याजोगे पाणी किती, आणि उपसा किती. उपसा सत्तर टक्क्यांपर्यंत असेल तर तालुका ‘सुरक्षित’, नव्वदपर्यंत ‘अर्धचिंताजनक’, शंभरपर्यंत ‘चिंताजनक’ आणि शंभराच्या पुढे ‘अतिशोषित’. या हिशेबाने गोव्याचे सगळे तालुके सुरक्षित ठरत आले आहेत. पगाराचे बारा महिन्यांचे पैसे जूनमध्ये एकदम हाती आले आणि फेब्रुवारीपर्यंत खिशाच्या भोकातून गळून गेले, तर त्या माणसाचे वार्षिक उत्पन्न उत्तम आहे असे म्हणता येते. मे महिन्यात त्याच्या घरी चूल पेटली का, हे मात्र त्या उत्पन्नावरून कळत नाही.

आता गुणवत्तेकडे येतो. पाणी तपासण्याच्या तीन फूटपट्ट्या आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या घरांतून आलेल्या आहेत.

पिण्याची फूटपट्टी म्हणजे भारतीय मानक १०५००. हे १९८३ साली पहिल्यांदा निघाले, १९९१ आणि २०१२ साली त्याची सुधारित रूपे आली. विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरे पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यावे. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत. फ्लोराइड एक, फार तर दीड. सामू, म्हणजे पीएच, साडेसहा ते साडेआठ. आणि शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू आढळता कामा नयेत. लोहाची गंमत ऐकण्यासारखी आहे. २०१२च्या मानकात लोहाची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम होती, सवलत नव्हती. २०१५च्या दुरुस्तीने ती १.० झाली. लोहाचा प्रश्न मुख्यत्वे चवीचा आणि डागांचा, विषाचा नव्हे, हे मला मान्य आहे. तरी आदल्या दिवशी अयोग्य असलेले लालसर पाणी दुसऱ्या दिवशी तसेच लालसर राहून योग्य झाले, ही गोष्ट खाणपट्ट्यातल्या माणसाने लक्षात ठेवावी. ‘योग्य’ हा पाण्याचा अंगचा गुण नव्हे. तो आपण पाण्याला लावलेला शब्द आहे.

जांभ्यातले पाणी मृदू, कमी क्षाराचे आणि थोडे आम्लाकडे झुकणारे. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना घरच्या विहिरीचे पाणी आणायला सांगून सामूच्या कागदावर थेंब टाकला, तेव्हा बहुतेक कागद पिवळटच राहिले, हिरवे झाले नाहीत. मुलांना वाटले पाणी बिघडलेले आहे. विज्ञानाच्या बाईंनी सांगितले की पावसाचे निर्मळ पाणीसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबटच असते, आणि जांभ्यात त्याला मारक असा चुना जवळपास नाही. एका मुलाने लगेच विचारले, “म्हणून आमच्या पंपाचे पाइप सडतात?” म्हणूनच. असे पाणी लोखंड खाते, आणि ते खाल्लेले लोखंड आपण पितो. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने जे झाले नसते ते पाच पैशांच्या कागदाने झाले.

शेतीची फूटपट्टी आणखी दुरून आलेली. पाण्यातले सोडियम एका बाजूला, कॅल्शियम-मॅग्नेशियम दुसऱ्या बाजूला मांडून एक गुणोत्तर काढतात. त्याला एसएआर म्हणतात. सोडियम जास्त झाले तर मातीचे कण फुटून ती चिकट, घट्ट होते आणि पाणी आत शिरत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात रिव्हरसाइड येथे क्षारपड जमिनींची प्रयोगशाळा आहे. तिने १९५४ साली काढलेल्या पुस्तिकेतून ही पद्धत जगभर पसरली. कोरड्या मुलखासाठी ती सोन्यासारखी आहे. आमच्याकडे धुवाधार पावसात जमिनीतले क्षार धुऊन समुद्राला मिळतात. खाजने आणि किनारा सोडला तर या परीक्षेत आमची विहीर नापास होणे कठीणच. मग अहवालात छापून येते, ‘सिंचनासाठी उत्कृष्ट’. ज्या मुलखात सोडियमचा रोगच नाही तिथे सोडियमची तपासणी करून प्रकृती उत्तम असल्याचा दाखला देणे म्हणजे माडाला हिमबाधा झाली नसल्याचे प्रमाणपत्र देणे आहे.

आमच्या शेतकऱ्याचे प्रश्न वेगळे. वायंगणाच्या भाताला पौषानंतर पाट वाहील का? खाणीच्या मातीचा गाळ ओहोळातून मळ्यात उतरला आणि त्याचा थर तापून सिमेंटासारखा झाला, तर पुढच्या वर्षी नांगर कुठे घालायचा? पाण्यातल्या लोहाने कुळागरातल्या ठिबकच्या तोट्या बुजल्या तर? खाजनाच्या मानशीची दारे कुजली आणि चैत्रातल्या भरतीचे खारे पाणी आत आले, तर त्या काठच्या विहिरीचे काय? यांतल्या एकाही प्रश्नाला एसएआरच्या आलेखात चौकोन नाही.

तिसरी फूटपट्टी उद्योगाची, आणि माझ्या मते ती या परीक्षेत असायलाच नको. पाणी पाइपला खाईल की त्यावर चुन्याचे थर चढवील हे सांगणारा लँजेलियरचा निर्देशांक १९३६पासून अभियंत्यांच्या हाती आहे. आमचे पाणी खाणाऱ्या जातीचे. पण कारखानदाराला त्याने काय अडते? तो चुना घालील, गाळणी बसवील, क्षार काढणारे यंत्र आणील. पैसा टाकला की कोणतेही पाणी त्याच्या कामाचे होते. विहिरीवर दोर टाकणारी बाई हे करू शकत नाही. म्हणून ‘औद्योगिक वापरास योग्य’ हे शब्द कारखानदाराला काहीच नवे सांगत नाहीत. फक्त त्याच्या अर्जाला जोडायला एक कागद मिळतो. १९८७च्या राष्ट्रीय जलनीतीत क्रम स्वच्छ लिहिला होता: आधी पिण्याचे पाणी, मग सिंचन, पुढे जलविद्युत, जलवाहतूक आणि शेवटी उद्योग. पुढच्या नीतींत शब्द बदलले, पण पिण्याच्या पाण्याचा पहिला मान कोणी काढून घेतला नाही. नीतीत जो क्रम आहे तो अहवालातल्या त्या ‘आणि’ने पुसला जातो.

पण माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे, आणि तो कळायला ना रसायनशास्त्र लागते ना गणित. कोरड्या विहिरीचा नमुना घेता येत नाही.

जरा थांबून याचा अर्थ पाहा. पावसाळ्यानंतर ठरावीक विहिरींचे पाणी तपासले. मे महिन्यात परत गेले तर त्यांतल्या काही आटलेल्या. त्यांच्या रकान्यात ‘नमुना उपलब्ध नाही’ एवढी नोंद होते आणि सरासरी उरलेल्यांची निघते. उरलेल्या म्हणजे खोल, बारमाही, चांगल्या. जी विहीर सर्वांत आजारी ती यादीतूनच बाहेर पडते आणि राहिलेल्यांची प्रकृती सुधारल्यासारखी दिसते. परीक्षेला बसलेच नाहीत त्यांना वगळून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्याची युक्ती आम्हां मुख्याध्यापकांना काही नवी नाही. भूजलाच्या अहवालात ती कोणाच्या मनात नसतानाही आपोआप घडते.

डिचोली तालुक्यात हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. इथल्या लोहखनिजाची जमिनीखालची रचना समजून घेतली पाहिजे. वर जांभ्याचा थर, त्यात एक पाणी. खाली चिकणमातीचे पडदे, आणि त्याखाली भुसभुशीत, पिठासारखे खनिज. ते पीठ स्वतःच पाणी धरून असते. म्हणजे जे खणून जहाजात भरून परदेशी पाठवायचे तेच गावाचे खोल पाण्याचे भांडे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की रात्रंदिवस पंप लावून खड्डा कोरडा ठेवावा लागतो, आणि आजूबाजूचे पाणी उताराने खड्ड्याकडे धाव घेते. आधी झरी जातात, मग उथळ विहिरी, मग उरलेल्या. शिरगावचे नाव यासाठी गोवाभर माहीत झाले. लईराईच्या जत्रेला वैशाखात हजारो धोंड जिथे न्हाऊन अग्निदिव्याला उभे राहतात, त्या गावच्या विहिरी आणि झरी आटल्या, घराघरांत टँकरचे पाणी आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नागपूरच्या नीरी संस्थेला तिथल्या पाण्याची पाहणी करावी लागली. त्या वर्षांत कोणी शिरगावच्या शिल्लक विहिरींचा एसएआर काढला असता तर तो उत्कृष्टच निघाला असता.

खाणीविरुद्ध बोलणे सोपे आहे असे मी समजत नाही. १० सप्टेंबर २०१२ला शहा आयोगाच्या अहवालामागोमाग खाणी थांबल्या, २०१४च्या निकालानंतर पुन्हा हलल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अठ्ठ्याऐंशी लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या दोन्ही वेळी माझ्या वर्गातल्या मुलांच्या बापांचे ट्रक दारात गंजत उभे होते आणि बँकेचे हप्ते थांबत नव्हते. खाणीने या तालुक्याला पगार दिला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पगार ज्याला मिळाला आणि विहीर ज्याची आटली ते दोघे नेहमी एकाच घरात नव्हते, हेही तितकेच खरे. आता डिसेंबर २०२२मध्ये लिलाव सुरू झाले, डिचोलीचा ब्लॉक २०२४मध्ये चालू झाला, आणि लीजच्या हद्दीतून घरे, देवळे, शेते वगळा म्हणून मुळगावचे लोक रस्त्यावर आले. नव्या खाणीच्या कागदपत्रांत भूजलाचे प्रकरण असतेच. त्यात गुणवत्तेचे तक्ते किती आणि आटलेल्या विहिरींची यादी किती, हे कोणी तरी मोजून पाहावे.

बंद काळात जुने खड्डे पाण्याने तुडुंब भरले. निळेशार दिसते, छायाचित्रे छान येतात. हे पाणी उन्हाळ्यात वापरावे अशा योजना अधूनमधून बोलल्या जातात. वापरावे की, पण ते पाणी गावाचेच आहे, जमिनीखालून आलेले, हे आधी मान्य करावे, आणि लोह-मँगनीजची तपासणी करून आकडे गावात लावावेत. आधी विहिरीतून खड्ड्यात नेलेले पाणी उपकार म्हणून नळाने परत देऊ नये.

पेडण्याची व्यथा वेगळी आहे. तिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सडा.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावर वाळूत आणि जांभ्यात गोड्या पाण्याचा जो थर आहे तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो, दुधावर साय तरंगावी तसा. गोडे पाणी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट उंच असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी उभे राहू शकते, असा जुना नियम आहे. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. हाच नियम उलटा वाचा. पंपाने पातळी एक फूट खाली नेली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकायला मोकळे होते. पर्यटनाचा हंगाम नेमका मार्गशीर्ष ते वैशाख, म्हणजे वरून पावसाचा थेंब नसताना. हॉटेलाच्या तरणतलावाला लागणारे पाणी आणि शेजारच्या घराच्या कळशीचे पाणी एकाच सायीतून निघते. आणि सांडपाणी? जांभ्याला भोके असतात, बोगदे असतात. शोषखड्ड्यातले पाणी त्यातून गाळल्याशिवायच विहिरीत पोचू शकते. जंतूंची तपासणी करायची तर नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत न्यावा लागतो. ते जिकिरीचे म्हणून भूजलाच्या पुष्कळ अभ्यासांत क्षार, सोडियम, आलेख सगळे असते, आणि ज्याने मूल आजारी पडते तेवढे नसते.

किनाऱ्याच्या धोक्याचे मोजमाप करण्याची विद्या आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. समुद्राचे पाणी विहिरीत शिरण्याचा धोका कुठे किती हे सांगणारी ‘गॅल्डिट’ नावाची पद्धत गोवा विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ डॉ. चाचडी आणि पोर्तुगालचे लोबो फेरैरा यांनी २००१ साली मांडली. पाण्याचा थर कसला, पाझर किती, पातळी समुद्रापेक्षा किती उंच, किनारा किती दूर, आज खारटपणा किती, थराची जाडी किती, अशा सहा गोष्टींना गुण देऊन ती बेरीज करते. बारदेशच्या किनाऱ्यावर ती लावून पाहिली गेली आणि पुढे जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर वापरली गेली. गोव्यात जन्मलेली पद्धत परदेशी विद्यापीठांत शिकवावी आणि मांद्र्याच्या पंचायतीत हॉटेलचा परवाना देताना तिचे नाव कोणी काढू नये, हे आमचे नेहमीचेच.

सड्याचे म्हणाल तर मोपा. ११ डिसेंबर २०२२ला विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३पासून विमाने उडू लागली. त्याआधी २९ मार्च २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, कारण अर्जात सांगायला हव्या त्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली आणि अटी पाळल्या जातात का हे पाहायला पुन्हा नीरीलाच नेमले. विमानतळ झाला, आता तो उचलून कोणी नेणार नाही. पण ज्या सड्यात पावसाचे पाणी मुरत होते त्याच्या मोठ्या भागावर काँक्रीट आणि डांबर आले, हे डोळ्यांना दिसते. पायथ्याच्या वाड्यांतल्या झरी धावपट्टीच्या आधी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होत्या आणि आता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, एवढी साधी वही कोणी ठेवली असती तर आज वाद घालायची गरज नव्हती. चिरेखाणींबद्दलही हेच. सड्याचा दगड कापून नेला म्हणजे पाण्याचे भांडे तळातून नव्हे, काठावरून फोडले, एवढाच फरक.

यावर हमखास उत्तर मिळते: आता विहिरीचे काय घेऊन बसलात मास्तर, नळ आला आहे! आला आहे खरा. ऑक्टोबर २०२०मध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळ देणारे देशातले पहिले राज्य म्हणून गोव्याची घोषणा झाली, ऑगस्ट २०२२मध्ये त्याचे प्रमाणपत्रही मिळाले. चांगलेच झाले, डोक्यावरचे हंडे उतरले. पण पेडण्याचा नळ चांदेलच्या प्रकल्पावर आणि तिळारीच्या पाण्यावर, आणि कालवा फुटल्याच्या बातम्या आपण नेमाने वाचतो. कालवा फुटला की टँकर. टँकर कुठे भरतो? कुणाच्या तरी विहिरीवर. म्हणजे नळ आल्याने विहीर संपली नाही, फक्त तिच्याकडे बघणे संपले. गावच्या विहिरीत आता निर्माल्य, प्लास्टिक आणि गणपतीची मखरे पडतात. हा दोष सरकारचा नाही, आपला आहे.

कायदा नाही असेही नाही. २००२चा गोवा भूजल नियमन कायदा आहे. नवी विहीर किंवा कूपनलिका खोदायला परवानगी, जुन्या विहिरींची नोंदणी, टँकरने पाणी नेण्यावर नियंत्रण, हे सारे त्यात लिहिलेले आहे. नळाच्या योजनेत गावागावांत पाच बायकांना तपासणीची पेटी देऊन शिकवायचे ठरलेले आहे. पैसाही आहे: २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला, त्यातला मोठा वाटा पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य अशा कामांना आधी द्यायचा आहे.

मग अडले कुठे? माझ्या मते ते भाषेत अडले, आणि हे मी भाषेचा शिक्षक म्हणून सांगतो. एका कार्यालयात मी आमच्या भागातल्या विहिरींचा अहवाल मागायला गेलो. साहेबांनी सौजन्याने दिला, पूर्ण इंग्रजीत. मराठी किंवा कोकणी प्रत आहे का विचारले तर ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांच्याकडे पोथी मागितली. १९८७चा राजभाषा कायदा सांगतो की देवनागरी कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामाला मराठीही वापरता येईल. त्या दोन शब्दांसाठी आपण गोमंतकीयांनी एकमेकांशी काय काय केले ते आठवले की अजून लाज वाटते. कोकणी की मराठी यावर घसा बसेपर्यंत भांडलो, आणि घशाखाली उतरणाऱ्या पाण्याचा कागद इंग्रजीतच राहू दिला. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांनाही हे ओळखीचे वाटेल. म्हादईसाठी २०१०मध्ये लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ला निवाडा आला, टीएमसी हा शब्द दोन्ही बाजूंच्या पोराटोरांच्या तोंडी बसला. नदीचे टीएमसी ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या परसातल्या विहिरीचा सामू माहीत आहे?

अहवालात विहिरीला क्रमांक असतो. गावात तिला नाव असते. देवळाकडची, वडाखालची, बामणाची, धाकट्या वाड्यावरची. क्रमांकाची विहीर आटली तर रकाना रिकामा होतो. नावाची आटली तर वाडा बोलतो. म्हणून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पंचायतीने आपल्या सार्वजनिक विहिरी आणि झरी नावानिशी लिहाव्यात. वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि वैशाखात, त्यांची पातळी आणि पाणी तपासावे. जंतूंची तपासणी वगळू नये. आटलेली विहीर यादीतून काढू नये, तिच्यापुढे आटल्याची तारीख लिहावी. फलक देवनागरीत असावा. ‘योग्य’ हा शब्द त्यावर लिहायचा झाला तर कोणाला योग्य ते त्याच ओळीत लिहावे. आणि खाण, हॉटेल किंवा कारखाना यांचा पाण्याचा अर्ज आला, तर तो मंजुरीला जाण्याआधी ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी.

अशा ठरावाचा एक मसुदा मी तयार केला आहे, मराठीत एक प्रत आणि कोकणीत एक. वहीचा नमुनाही सोबत आहे: विहिरीचे नाव, वाडा, तारीख, पाण्याची खोली, रंग, वास, सामू, खारटपणा, कोलिफॉर्म, आणि शेवटचा रकाना थोडा रुंद ठेवला आहे, शेजारच्या घरातले माणूस काय म्हणते ते लिहायला. संपादकांनी दोन्ही प्रती आपल्याकडे ठेवून घेण्याचे मान्य केले आहे. ज्या पंचसदस्यांना, शाळांना किंवा महिला मंडळांना त्या हव्या असतील त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावे. वैशाखाची नोंद करायची तर विहिरींची यादी माघापर्यंत तरी तयार हवी.